हिशेब लिहिणाराही कामगारच आहे

“अकाउंटंट कामगार कसा? तो तर आमचा विश्वासाचा माणूस.” उद्योजकांच्या मेळाव्यात, व्यापारी पेठेतल्या पेढीवर, कारखान्याच्या केबिनमध्ये हे वाक्य सतत कानावर येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसते. पण ते बोलून झाले की पाठोपाठ काहीतरी नाकारले जाते. कधी ओव्हरटाइम, कधी साप्ताहिक सुट्टी, कधी नेमणूकपत्र, तर कधी प्रॉव्हिडंट फंडसुद्धा. मी आयुष्याची बरीच वर्षे एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात काढली आहेत. विश्वासाच्या नावाखाली हक्क काढून घेण्याची ही रीत चुकीची आहे, आणि अनेकदा सरळसरळ बेकायदेशीर आहे, हे मला ठामपणे सांगायचे आहे.

समोरच्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. ज्याच्या ताब्यात चेकबुक असते, ज्याला कर्जाचे हप्ते, भागीदारांच्या उचली आणि सगळ्यांचे पगार ठाऊक असतात, तो व्यवस्थापनाचाच भाग झाला. त्याने घड्याळाकडे बघून काम करू नये. मार्चमध्ये रात्री थांबावे, सप्टेंबरमध्ये रविवारी यावे, पुढे काम सैल पडते तेव्हा त्याची भरपाई होतेच. लहान धंद्याला कायद्यातले सगळे परवडत नाही. आणि नवख्या मुलाला काम शिकायला मिळते, तोच त्याचा मोठा मोबदला.

यातला पहिला मुद्दा न्यायालयाने कधीच निकालात काढला आहे. कामगार कोण, हे पदनामावर ठरत नाही; माणूस दिवसभर मुख्यतः काय करतो त्यावर ठरते. मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीतले एक कर्मचारी स्टेनोग्राफर-कम-अकाउंटंट म्हणून लागले होते. पुढे पद बदलले, थोडीफार देखरेखही वाट्याला आली. नोकरी गेल्यावर त्यांनी दाद मागितली, तेव्हा हे कामगारच नव्हेत असा पवित्रा कंपनीने घेतला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मुख्य काम कारकुनी असेल तर जोडीला आलेल्या किरकोळ देखरेखीने माणूस कामगाराच्या व्याख्येतून बाहेर पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजच्या खटल्यात एका अंतर्गत लेखापरीक्षकालाही न्यायालयाने कामगार मानले. दुसऱ्याने केलेले काम मालकाच्या वतीने पडताळून अहवाल देणे म्हणजे देखरेख करणे नव्हे, हे त्या निकालाचे सार. ज्याला कोणाची रजा मंजूर करता येत नाही, कोणाला कामावर घेता किंवा काढता येत नाही, तो कितीही आकडे तपासत असला तरी व्यवस्थापक होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही कारकुनी काम करणारा कामगारच आहे. अठरा हजारांच्या वर पगार गेला की माणूस कामगार राहत नाही, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. ते खोटे आहे. अठरा हजारांची मर्यादा देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी आहे. जो व्हाउचर लिहितो, बँकेचे रिकन्सिलिएशन करतो, टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी टाकतो, त्याचा पगार चाळीस हजार असला तरी ही मर्यादा त्याला लागत नाही. अकाउंट्समधल्या प्रत्येकाने हे एकदा नीट वाचून ठेवावे, कारण त्याला चुकीचे सांगणारा बहुधा त्याच्याच कंपनीच्या एचआरमध्ये बसलेला असतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एक पळवाट आहे आणि समोरचे लोक तिच्यावर बोट ठेवतात. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांवरील व्यक्तींना तो कायदा लागू नाही. अकाउंटंटला मालकाची गुपिते माहीत असतात, म्हणजे त्याचे पद गोपनीय, असा सोयीचा अर्थ लावला जातो. पण त्याच तरतुदीत पुढे एक अट आहे: अशा पदांची यादी आस्थापनेच्या संकेतस्थळावर लावली पाहिजे, संकेतस्थळ नसेल तर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावली पाहिजे, आणि तिची प्रत कामगार खात्याच्या अधिकाऱ्याला पाठवली पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या कार्यालयांच्या भिंतींवर देवाचे फोटो होते, जीएसटीचे प्रमाणपत्र होते. ही यादी मला कुठेही दिसली नाही. ज्याला सूट हवी आहे त्याने आधी अट पूर्ण करावी आणि मग अकाउंटंटला त्याची जागा दाखवावी.

उलट बाजूने कायदा काय म्हणतो तेही बघू. भारतीय दंड संहितेचे कलम ४७७अ, जे आता भारतीय न्याय संहितेत ३४४ झाले आहे, हिशेबात फसवणुकीच्या हेतूने खोटेपणा करण्याबद्दल आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यात कोणाकोणाला धरले आहे? लिपिक, अधिकारी किंवा नोकर, याच क्रमाने. शिक्षेच्या कलमात पहिले नाव लिपिकाचे येते, आणि हक्कांची वेळ आली की तोच लिपिक व्यवस्थापनात ढकलला जातो. एकाच माणसाला दोन्हीकडून मार देणारी ही मांडणी कोणत्याही विचारी माणसाने मान्य करू नये.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला, हे एडिट लॉगमध्ये राहते. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण लॉगमध्ये नाव लॉगिनचे दिसते, माणसाचे नाही. अनेक ठिकाणी एकाच लॉगिनवर तिघे काम करतात. मालकाचा मुलगा रात्री अकाउंटंटच्या पासवर्डने आत जाऊन मागच्या तारखेची एंट्री बदलतो. साहेब फोनवर सांगतात, “ते बिल जरा पुढच्या महिन्यात टाक,” आणि फोनवरच्या बोलण्याचा कुठे कागद नसतो. दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा लॉगमध्ये नाव कोणाचे? ज्याने नाही म्हटले असते तर पगार थांबला असता, त्याचे.

नाही म्हणणाऱ्याला आधार काय, तेही बघा. गैरप्रकाराची तक्रार निर्धास्तपणे करता यावी यासाठी कंपनी कायद्यात दक्षता यंत्रणेची तरतूद आहे. पण ती सूचीबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँकांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांनाच लागू. इचलकरंजीचा सूत व्यापारी, नाशिकच्या अंबडमधला पार्ट्स बनवणारा भागीदारी कारखाना, मार्केट यार्डातली आडत या सगळ्यांतले अकाउंटंट तिच्याबाहेर आहेत. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, आणि नेहमीच्या कामाबाहेरची प्रत्येक सूचना लेखी. व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकली तरी चालेल. ज्या मालकाला ही ओळ लिहायला नको वाटते, त्याला ती एंट्री का हवी आहे हा प्रश्न विचारण्याचा हक्क अकाउंटंटला आहे.

आता पगारातून होणाऱ्या कपातीबद्दल, कारण या विषयावर मला सर्वांत जास्त संताप येतो.

जीएसटीचे ३बी विवरणपत्र महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे असते. १४ तारखेच्या सुमारास पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी पोर्टलवर येते. ती आपल्या खरेदी रजिस्टरशी जुळवायची, जी बिले दिसत नाहीत त्या पार्ट्यांना फोन करायचे, कोणी म्हणते “टाकलंय”, कोणी म्हणते “आमचे सीए गावाला गेलेत”. १८ तारखेला मालक गाडीच्या डॅशबोर्डमधून चुरगळलेली बिले काढून देतात. २० तारखेला आकडे तयार होतात, चलन बनते, पण पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे हे मालक संध्याकाळी सातला ठरवतात. शेवटी ओटीपी लागतो, आणि एकमालकी धंद्यात तो मालकाच्या मोबाइलवर जातो. मालक लग्नाला. मंडपात बँड वाजतोय, फोन उचलला जात नाही. साडेअकराला फोन लागतो, तोवर पोर्टल फिरत बसलेले. बाराचा ठोका पडतो. दुसऱ्या दिवसापासून रोज ५० रुपये विलंब शुल्क आणि उरलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज चालू. पुढच्या महिन्यात पगाराच्या पाकिटात रक्कम कमी, आणि वर ऐकून घ्यायचे: “तुझ्या हलगर्जीपणाचे आम्ही का भरायचे?”

टीडीएसच्या तिमाही विवरणपत्राला उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. तिथेही हेच.

हे कायद्यात बसत नाही. पगारातून दंड कापायला जुन्या वेतन अदायगी कायद्यात मर्यादा होती, तीच नव्या वेतन संहितेत आहे. कोणत्या चुकांना दंड लागेल हे आधी जाहीर केलेले पाहिजे, त्या माणसाला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि एका वेतन काळातला दंड त्या काळाच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. नुकसान म्हणून कापायचे तर ते त्याच्याच हयगयीमुळे झाले हे दाखवावे लागते. ओटीपी मालकाच्या खिशात, पैसे मालकाच्या खात्यात, बिले मालकाच्या गाडीत. मग हयगय कोणाची? करदाता मालक आहे. नोंदणी त्याच्या नावावर, नफा त्याचा, विलंब शुल्कही त्याचेच.

याच टेबलावर आणखी एक अन्याय घडतो आणि तो बाहेरच्या कोणाला दिसत नाही. संपूर्ण कारखान्याचा प्रॉव्हिडंट फंड जो माणूस महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरतो, त्याचेच नाव कधी कधी त्या यादीत नसते. त्याला ‘कन्सल्टंट’ म्हणून ठेवलेले असते. तो रोज नऊला येतो, रजेला परवानगी मागतो, मालकाच्या हुकमाखाली काम करतो. म्हणजे सर्व अर्थांनी नोकर. तरी महिन्याअखेरीस त्याच्या पैशांतून १० टक्के टीडीएस कापून रक्कम व्यावसायिक शुल्काच्या खात्यात जाते. ते व्हाउचर तोच लिहितो. स्वतःची नोकरी, स्वतःचा फंड, ग्रॅच्युइटी आणि बोनस पुसून टाकणारी नोंद त्याला दर महिन्याला स्वतःच्या हाताने करावी लागते. एका तरुण मुलीला मी हे करताना पाहिले आहे. तिला त्या नोंदीचा अर्थ पुरता कळत होता, कारण इतरांच्या ग्रॅच्युइटीची तरतूदही तीच काढत होती. ताळेबंदात ते आकडे बरोबर बसत होते. विचारले तेव्हा तिला सांगण्यात आले की तिच्या हातात जास्त रक्कम पडते, हा तिचाच फायदा आहे. मालकाचा फंडातला वाटा, पाच वर्षांनंतरची ग्रॅच्युइटी आणि प्रसूतीची २६ आठवड्यांची पगारी रजा, हे सगळे जाऊन उरलेल्याला फायदा म्हणणे ही उघड फसवणूक होती.

आता हंगामाचा मुद्दा. अकाउंट्सचे काम हंगामी असते, सैल महिन्यांत विश्रांती मिळते, असे म्हणणाऱ्याने तो सैल महिना कॅलेंडरवर दाखवावा. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याची ११ आणि २० तारीख प्रत्येक महिन्यात आहे. टीडीएसची ७ तारीख आहे, फंडाची १५ आहे. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चमध्ये आगाऊ कर. जुलैअखेर विवरणपत्रे, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, त्यातच कंपनीची वार्षिक सभा, डिसेंबरअखेर जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र. एप्रिलमध्ये मार्चचा टीडीएस आणि नव्या वर्षाचे ओपनिंग बॅलन्स. बँकेचे स्टॉक स्टेटमेंट तर दरमहाचे. सैल महिना हिशेबखात्यातून केव्हाच गेला. राहिली ती फक्त त्याची सबब.

आणि मार्चच्या रात्रींची किंमत काढूनच बघू. पगार २०,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस, रोजचे ८ तास धरले तर तासाला साधारण ९६ रुपये पडतात. जादा तासांचा दर दुप्पट, म्हणजे १९२. मार्चमध्ये २५ दिवस रोज ४ तास जास्त थांबले की १०० तास होतात, म्हणजे १९,००० रुपयांच्या वर. एका मार्चचा ओव्हरटाइम जवळजवळ एका पगाराएवढा भरतो. दिवाळीच्या पाकिटाने तो फिटत नाही, आणि पाकीट ही मालकाची मर्जी असते. ओव्हरटाइम हे कमावलेले पैसे असतात.

या कामाचा भार कुठवर जाऊ शकतो याची चर्चा देशाने २०२४ मध्ये केली. जगातल्या चार सर्वांत मोठ्या हिशेबसंस्थांपैकी एकीच्या पुण्यातल्या कार्यालयात लागून काही महिनेच झालेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट त्या जुलैमध्ये वारली. कामाच्या ताणाने मुलगी गेली असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटले. ताणामुळे मृत्यू झाला हे प्रमुखांनी मान्य केले नाही. त्या वादात मी पडत नाही. पण कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा त्यांनी जे सांगितले, ते कोणालाही खोडता येण्यासारखे नव्हते: २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा तिथे कोण तपासणार होते? इतरांचे कायदेपालन तपासून देणे हाच ज्या संस्थेचा व्यवसाय, तिथे ही अवस्था.

लहान धंद्याला परवडत नाही, या मुद्द्याला मी हलके लेखत नाही. दोन टक्क्यांवर चालणारी आडत मी जवळून पाहिली आहे. पण १९४८ चा मुंबईचा दुकान कायदा अगदी लहान दुकानालाही लागू होता आणि त्या काळात धंदे बंद पडले नाहीत. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती रेषा वीसवर नेण्याचा, दिवसाचे तास ९ वरून १० करण्याचा आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर नेण्याचा निर्णय घेतला. अकाउंटंट बहुसंख्येने जिथे काम करतात ती करसल्लागारांची कार्यालये, पेढ्या, लहान कारखाने या रेषेच्या खालीच असतात. लहान धंद्याला सवलत द्यायचीच असेल तर ती नोंदणीच्या कागदांत आणि शुल्कात द्यावी. रात्री अकरापर्यंत थांबलेल्या माणसाचे डोळे आणि पाठ दहाव्या किंवा विसाव्या सहकाऱ्याची वाट पाहत नाहीत. शिवाय लहान धंद्यातले निम्मे जागरण मालकाच्या सवयींमुळे असते. वर्षभराची बिले पिशवीत भरून मार्चमध्ये आणून देण्याऐवजी दर शनिवारी दिली, तर ओव्हरटाइम परवडण्याचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

शिकायला मिळते म्हणून कमी पैशांत राबवून घेणे हे सीएच्या आर्टिकलशिपमध्ये सर्वांत उघडपणे चालते. सीएंच्या संस्थेच्या नियमांत आठवड्याला ३५ तास लिहिलेले आहेत. जुलै २०२३ पासून प्रशिक्षण तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचे झाले, म्हणजे शिकायचे तेवढेच आणि वेळ कमी. त्या दोन वर्षांत मुलाला झेरॉक्स, बँकेच्या चकरा आणि साहेबांचा गॅस नंबर लावणे यांत घालवायला लावणारा माणूस त्याला काही शिकवत नसतो. फुकटात मनुष्यबळ वापरत असतो.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रसंग, आणि विश्वासाची खरी परीक्षा तिथे होते. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देणे असलेले सर्व वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. प्रत्यक्षात अकाउंटंटला सांगितले जाते, “ऑडिट होऊ दे, मग फुल अँड फायनल करू.” ऑडिट सप्टेंबरला. तोवर अनुभवपत्र अडवलेले, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली असतील तर तीही अडकलेली, आणि नव्या नोकरीत एचआर विचारते, आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर कुठे? तो गेल्यानंतरही त्याचे लॉगिन चालूच ठेवलेले असते, कारण दुसऱ्याला पासवर्ड बदलता येत नाही.

म्हणून सोडणाऱ्या प्रत्येक अकाउंटंटने शेवटच्या दिवशी ताबापत्रक करावे: रोख शिल्लक, बँकेच्या शिल्लक रकमा, भरलेली आणि न भरलेली विवरणपत्रे, डिजिटल सहीचे टोकन परत दिल्याची नोंद, लॉगिन बंद केल्याची तारीख आणि वेळ. त्यावर मालकाची सही घ्यावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. सही द्यायला मालक कां कूं करू लागला, तर तेच पत्रक ईमेलने पाठवावे. पुढे तीन वर्षांनी जुन्या वर्षाची नोटीस आली आणि माजी कर्मचाऱ्याची मदत हवी असेल, तर त्याला जरूर बोलवावे. त्या दिवसाचे पैसे आधी ठरवून, आणि ते त्याच दिवशी देऊन.